आरोपी, दोषी आणि सुटलेला

'गुन्हा दाखल' या दोन शब्दांविषयी माझी जुनी तक्रार आहे. कोणीतरी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली आणि तिची नोंद झाली, एवढाच त्या घटनेचा कायदेशीर अर्थ असतो. तरीही 'अमक्यावर गुन्हा दाखल' असे शीर्षक वाचताच गुन्हा घडला हेही आपण धरून चालतो आणि तो अमक्याने केला हेही. काही वर्षे एका दैनिकाच्या नाशिकच्या पानासाठी मी न्यायालयाच्या बातम्या तपासत असे. एखाद्या माणसाला दोषी ठरवण्याचे काम न्यायालयाच्या कितीतरी आधी आपली भाषाच करून मोकळी होते, असे माझे मत त्या काळात पक्के झाले.

पुढच्या पायरीवरही तोच प्रकार आहे. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जे कागद सादर करतात त्यांना पूर्वी सर्रास आरोपपत्र म्हणत, आता दोषारोपपत्र हा शब्द अधिक चालतो. 'दोष' त्यात येऊन बसला आहे, पण तो अद्याप कोणीही सिद्ध केलेला नाही. त्यानंतर न्यायाधीश आरोप निश्चित करतात, साक्षीपुरावा होतो, आरोपीचा जबाब होतो, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद होतो, आणि मग कधीतरी निकालाचा दिवस उजाडतो. या संपूर्ण काळात त्या माणसाला लावता येण्यासारखा एकच प्रामाणिक शब्द मराठीत आहे, तो म्हणजे आरोपी. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून जसाच्या तसा उचललेला 'सराईत गुन्हेगार' मी नेहमी खोडत असे, आणि 'पण साहेब, तो आहेच सराईत' हे उत्तर तितक्याच नेमाने ऐकत असे. तडीपार या शब्दाची गंमत तर वेगळीच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली एखाद्याला जिल्ह्याबाहेर घालवण्यासाठी तो आधी दोषी ठरलेला असण्याची अट नाही, परंतु गल्लीत तडीपार म्हटले की त्याच्यावर शिक्का बसलाच.

खरा शब्द निकालाच्या दिवशी येतो. न्यायालयाच्या भाषेत त्याला दोषसिद्धी म्हणतात, आणि जुन्या वळणाचे वकील अजूनही 'गुन्हा शाबीत झाला' असे म्हणतात, जे मला जास्त आवडते, कारण त्यात माणसाआधी पुराव्याचा विचार आहे. सत्र न्यायालयात दोषी ठरवणे आणि शिक्षा सुनावणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी दोष सांगितला जातो, मग शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकले जाते, आणि त्यानंतर शिक्षा ठरते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये आहे. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात उभ्या असलेल्या नातेवाइकांना मात्र या फरकाशी कर्तव्य नसते. ते एवढेच विचारतात, 'किती लागली?'

हा फरक निव्वळ कागदी नाही, हे नाशिककरांना २०२५ मध्ये जवळून पाहायला मिळाले. त्या वर्षी फेब्रुवारीत येथील न्यायालयाने राज्याच्या एका मंत्र्यांना शासकीय कोट्यातील सदनिकांच्या जुन्या प्रकरणात दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा सुनावली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला लोकप्रतिनिधी अपात्र ठरतो, आणि अपिलासाठी मिळणारे तीन महिन्यांचे, व अपील केले तर त्याच्या निकालापर्यंतचे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच काढून घेतले आहे. त्यामुळे शिक्षेला स्थगिती मिळाली तर तुरुंग टळतो, पण पद वाचवायचे असेल तर दोषसिद्धीलाच स्थगिती मिळवावी लागते. त्या दिवसांत चहाच्या टपरीवरची माणसेही 'नुसती शिक्षा थांबून उपयोग नाही' असे म्हणत होती. कायद्याच्या एखाद्या बारकाव्याचा इतका झपाट्याने प्रसार झालेला मी दुसऱ्यांदा पाहिलेला नाही.

सुटकेच्या शब्दांत आपण याहून ढिसाळ आहोत. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोट प्रकरणात आधी अटक झालेल्यांपैकी जे हयात होते त्यांना २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने खटला चालण्यापूर्वीच आरोपांतून मुक्त केले. त्याच शहरातील २००८ च्या स्फोटाच्या प्रकरणात मात्र पूर्ण खटला चालला आणि ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपींची संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता झाली. पहिल्या प्रकाराला वृत्तपत्रे बहुधा 'दोषमुक्त' म्हणतात आणि दुसऱ्याला 'निर्दोष', पण बोलण्यात दोघेही नुसते 'सुटले'. या क्रियापदात एक बारीक नाराजी असते, जणू मासा जाळ्यातून निसटला. दोन्ही प्रकरणांत हा शब्द कोणी कोणाविषयी वापरला, हे ज्याच्या त्याच्या बाजूवर अवलंबून होते, आणि मला तरी दोन्हीकडे तो तितकाच अन्यायकारक वाटतो.

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात हे वर्गीकरण काटेकोरपणे पाळावे लागते. तेथे कागदोपत्री न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी असे दोन वर्ग आहेत, आणि बोलण्यात कच्चा कैदी व पक्का कैदी. सक्तमजुरी पक्क्याला असते, कच्च्यावर कामाची सक्ती करता येत नाही. २०२२ च्या अखेरीस देशभरातील बंद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश न्यायाधीन होते, म्हणजे तुरुंगात असलेल्या बहुतेकांवरील आरोप सिद्ध व्हायचेच होते. तरीही 'तो आत आहे' एवढे कळले की आपल्याला पुढे काही विचारावेसे वाटत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही याच शहरात आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध करणाऱ्या अनंत कान्हेरे यांना, आणि त्यांच्याबरोबर कर्वे व देशपांडे यांना, इंग्रजांच्या न्यायालयाने रीतसर दोषी ठरवले आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. कायद्याच्या अर्थाने ते सिद्धदोष होते, आणि तो निकाल अपिलात फिरलाही नाही. वरच्या वाक्यात मीही 'खून' न लिहिता 'वध' लिहिले आहे, आणि नाशिकमध्ये दुसरे कोणी काही लिहील असे वाटत नाही. येथील एका मोठ्या मैदानाला 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' असे नाव आहे, जरी निम्मे शहर त्याला अजून गोल्फ क्लबच म्हणते.