सत्तावीस झाडांची अनवाणी प्रदक्षिणा

इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिराच्या पलीकडील एका वसाहतीत नक्षत्रवन आणि पंचवटी असलेला लहानसा बगीचा आहे, संध्याकाळी तेथे अनवाणी एक फेरी मारली की मन शांत होते, असे मामांनी इतक्या ठामपणे सांगितले होते की मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी 4 वाजता फाटक उघडताच मी आणि आत्या तेथे हजर झालो. बगीचा शांत आहे, यात वाद नाही. मात्र मामा तेथे जानेवारीत गेले होते, हे आम्हांला घरी परतल्यावर कळले.

प्रत्येक नक्षत्राला एक आराध्यवृक्ष असतो, या जुन्या परंपरेवर हे वन बेतले आहे. अश्विनीचा काजरा, भरणीचा आवळा, कृत्तिकेचा उंबर, रोहिणीचे जांभूळ असे करत रेवतीच्या मोहापर्यंत 27 झाडे वर्तुळात आणि दहा-दहा फुटांच्या अंतराने लावली आहेत. वड, पिंपळ, उंबर आणि पायरी यांना दहा फूट देणाऱ्याने वाढलेला वड कधी पाहिला नसावा. वर्तुळाच्या आतल्या बाजूने नदीतले गुळगुळीत गोटे सिमेंटमध्ये उभे बसवून पायवाट केली आहे, आणि चालायचे ते या गोट्यांवरून.

पहिला अर्धा फेरा सोसवतो, कारण पुष्याचा पिंपळ आणि मघाचा वड एवढे पसरले आहेत की खालचे गोटे कोमटच राहतात. खरी परीक्षा मूळ ते धनिष्ठा या चाळीसेक फुटांची आहे. मूळ नक्षत्राची राळ, म्हणजे साल वृक्ष, माळव्याच्या काळ्या मातीत जगलीच नाही. पूर्वाषाढाचा वेत दमट जंगलातला असल्यामुळे तोही गेला. उत्तराषाढाचा फणस अजून कमरेएवढा आहे. श्रवणाची रुई हे मुळातच झुडूप, आणि धनिष्ठाच्या शमीची सावली चाळणीतून गाळल्यासारखी पडते. दिवसभर तापलेल्या त्या गोट्यांवर माझी चार पावले कशीबशी पडली, पाचव्याला मी बाहेरच्या मातीवर उडी मारली. आत्याचे जन्मनक्षत्र श्रवण असल्यामुळे तिला रुईपुढे हात जोडून उभे राहायचे होते. ती उभी राहिली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि मग डोळे न उघडताच म्हणाली, "अरे, देवाचं झालं माझं, आता चपला आण." घरी आल्यावर पाहिले तर तिच्या उजव्या तळव्याला रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला होता.

चपला आणायच्या तर त्या फाटकाशी ठेवलेल्या. प्रवेशशुल्क माणशी 5 रुपये आहे, पण चपला सांभाळण्याचे जोडीमागे 10 रुपये आधी घेतले गेले आणि परत घेताना "वेळ जास्त झाला" म्हणून पुन्हा 10 मागितले गेले. दोघांच्या प्रवेशाचे 10 आणि दोघांच्या चपलांचे 40, हा हिशेब मला अजूनही पचलेला नाही. अनवाणी जाणे बंधनकारक असल्याची पाटी कोठेही नाही. त्यामुळे चपला काढूच नयेत आणि झाडांच्या बाहेरून जी मातीची पट्टी आहे तिच्यावरून फेरी मारावी. गोट्यांचा हट्टच असेल तर जाड लोकरी मोजे न्यावेत. सुती मोज्यांतून चटका थेट लागतो, हे मी परतीच्या वाटेवर आजमावले आहे.

पंचवटीत पिंपळ पूर्वेला, बेल उत्तरेला, वड पश्चिमेला आणि आवळा दक्षिणेला, असे सर्व शास्त्राप्रमाणे आहे. आग्नेयेला अशोक हवा. पाटीवर अशोक लिहिले आहे, पण उभा आहे तो वसाहतींच्या कुंपणाला लावतात तो उंच, सरळसोट, नागमोडी कडांच्या पानांचा आसुपालव. सीतेच्या अशोकाची कोवळी पाने तांबूस आणि ओल्या फडक्यासारखी लोंबणारी असतात, त्याला केशरी फुलांचे गुच्छ येतात. नातवंडांना तो दाखवायला नेणार असाल तर फसाल.

नातवंडांवरून आठवले. फाटकातून आत येताच पहिले झाड अश्विनीचे, म्हणजे काजऱ्याचे आहे आणि त्याला संत्र्यासारखी दिसणारी फळे लागतात. त्यांच्या चपट्या, गोल बियांत स्ट्रिक्निन हे जीवघेणे विष असते. तेथे इशाऱ्याची पाटी नाही, त्यामुळे लहान मुलांचा हात धरूनच आत शिरावे.

पुढच्या आठवड्यात मी सकाळी साडेसहाला एकटा जाऊन आलो. गार होते, कोकीळ ओरडत होता, काहीच घडले नाही. जायचे असेल तर तीच वेळ योग्य आहे.

राजवाड्यावरून रिक्षावाल्याने आमच्याकडून 150 रुपये घेतले. येताना आम्ही मॅजिकने, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या छोट्या प्रवासी गाडीने, 20 रुपयांत आलो, तेव्हा जातानाही मॅजिकच पकडावी. आणि आर्द्रा, मूळ किंवा पूर्वाषाढा नक्षत्रावर जन्मलेल्यांनी आपले झाड पाहण्यासाठी एवढी यातायात करू नये. आर्द्रेचा कृष्णागरूही राळ आणि वेताच्याच वाटेने गेला आहे. तिन्ही जागी पाटी आहे, आळे आहे, आणि पूर्वाषाढाच्या आळ्यात कोणीतरी तुळस लावली आहे.