तीन मतांनी अडलेली फौज

१ मार्च २००३. सेंच्युरियनला सचिनने पाकिस्तानविरुद्ध ७५ चेंडूंत ९८ धावा काढल्या आणि आमच्याकडे रात्रपाळीचं कुणी जागेवर बसायला तयार नव्हतं. पहिलं पान केव्हाच सचिनच्या नावावर झालं होतं. मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, परदेशच्या बातम्या बघायचो. माझं पान अडलं होतं ते अंकारासाठी.

तुर्कस्तानच्या संसदेत त्या दिवशी ठराव होता, सुमारे ६२ हजार अमेरिकी सैनिकांना देशात उतरू देण्याचा. उत्तरेकडून इराकवर मोठी फौज घालायची तर रस्ता तोच. बदल्यात अब्जावधी डॉलरची मदत कबूल झाली होती. सत्ताधारी पक्षाकडे ५५० जणांच्या सभागृहात साडेतीनशेच्या वर खासदार. बाहेर अंकाराच्या रस्त्यांवर हजारो माणसं ‘युद्ध नको’ म्हणत उतरली होती, पण ठराव होणार हे सगळे धरूनच चालले होते.

वृत्तसंस्थेच्या वायरवर पहिली ओळ आली : मंजूर. बाजूने २६४, विरोधात २५०. मथळा टाइप झाला, बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात दुसरी ओळ आली, ठराव फेटाळला. मी पुन्हा आकडे पाहिले. १९ जण तटस्थ होते, म्हणजे हजर ५३३. तिथल्या नियमाप्रमाणे हजर सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, म्हणजे २६७. कागदाच्या चिटोऱ्यावर बेरीज मांडून मी वृत्तसंपादकांपुढे ठेवली.

“साहेब, तीन मतं कमी पडलीत.”

“खुद्द सभापतींनी सांगितलंय का?”

“हो, त्यांच्याच नावानं आलंय.”

त्यांनी चष्मा काढला, चिटोरा दोनदा वाचला आणि पान थांबवायला सांगितलं.

त्या रात्री ती तीन मतं मला एवढी मोठी वाटली, त्याचं कारण दोन आठवड्यांपूर्वीचं होतं. १५ फेब्रुवारीला जगातल्या शेकडो शहरांत एकाच दिवशी युद्धाविरुद्ध मोर्चे निघाले. एकट्या लंडनमध्ये पोलिसांच्या अंदाजाने साडेसात लाख माणसं, आयोजकांच्या मते वीस लाखांपर्यंत. तोही सेंच्युरियनचाच दिवस. ऑस्ट्रेलियाने आपल्याला १२५ धावांत गुंडाळलं होतं आणि आमच्या अंकात मोर्च्यांना मिळायला हवी होती तेवढी जागा मिळाली नाही. “मोर्चे काढून कधी युद्ध थांबतं का?” असं तेव्हा डेस्कवर बरेच जण म्हणाले.

युद्ध थांबलं नाहीच. २० मार्चला बगदादवर बॉम्ब पडले. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ ताटकळलेली रणगाड्यांची जहाजं सुएझमार्गे कुवेतकडे वळवावी लागली, एवढंच. पण त्याआधी सुरक्षा परिषदेत मेक्सिको, चिलीसारखे देशही दबावाला बधले नाहीत आणि युद्धाला परवानगी देणारा ठराव मतदानाला न टाकताच सोडून द्यावा लागला. हे सगळं पानावर लावता लावता माझं मत पक्कं झालं. लोकांचा विरोध आक्रमकाचा हात धरू शकत नाही, पण त्याचे साथीदार तोडू शकतो. साथीदारांना घरी मतं मागायची असतात. स्पेनच्या सरकारने लोकांचं न ऐकता साथ दिली. पुढच्या वर्षी ते निवडणुकीत गेलं आणि नव्या सरकारने सैनिक परत बोलावले. म्हणूनच रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी निषेध नोंदवला आणि आपण ३५ तटस्थांत बसलो, ते मला पटलं नाही. आजही पटत नाही.

कारण २००३ मध्ये आपण वेगळं वागलो होतो. एप्रिलमध्ये लोकसभेने एकमताने युद्धाची निंदा केली. तरी पुढे अमेरिकेने इराकसाठी भारतीय सैन्य मागितलं आणि जूनभर चर्चा चालली. साताऱ्याचा आमचा वार्ताहर रोज रात्री बातम्या सांगून झाल्या की विचारायचा, “जाणार का हो आपली पोरं?” अपशिंग्यासारख्या गावांतून घरटी माणूस लष्करात, लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारायचे. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं.

१४ जुलैला दिल्लीहून निर्णय आला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय सैन्य जाणार नाही. त्या रात्री त्याच्या फोनची वाट न बघता मीच साताऱ्याला फोन लावला.