गोव्यातला घाम आणि माझा घाम

फोंडा, भाद्रपद शुद्ध षष्ठी

दीड दिवसाच्या गणपतीचे काल विसर्जन झाले. आज सकाळी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळांची चौकट, सोडवून तिच्यातली फळे शेजारी वाटली आणि दुपारी घर शांत झाल्यावर ध्यानात आले, की लग्नानंतरची ही पहिलीच चवथ, जिच्या आधी मी तारखा मोजल्या नाहीत. एरवी श्रावण सरता सरता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावरची लाल वर्तुळे पाहायची आणि पाळीचा हिशेब चवथीवर येतो असे दिसले, की औषधाच्या दुकानातून ती लांबवणाऱ्या नोरएथिस्टेरॉनच्या गोळ्यांची पट्टी आणायची. ती गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, असे ना मला कधी वाटले, ना कोणी सांगितले.

यंदा पट्टी नव्हती. पण नेवऱ्या तळताना छातीतून एकाएकी आच उठली, गळ्यावरून चेहऱ्यापर्यंत चढली, काळीज धडधडले, ब्लाउज पाठीला चिकटला आणि चारपाच मिनिटांनी भर कढईपाशी अंगावर शहारा आला. जाऊबाई म्हणाल्या, "केवढे उकडते आहे नाही!" मी हो म्हटले.

दोन वर्षे मी स्वतःलाही हेच सांगत आले. गोव्यात घामाला लक्षण कोण मानतो? मे महिन्यात तर सगळेच निथळत असतात. मात्र दमट हवेचा घाम हळूहळू येतो आणि अंगावर राहतो. हा लाटेसारखा येतो, ओसरतो आणि मागे थंडी ठेवून जातो. बाहेर पाऊस कोसळत असताना पहाटे तीनला उशी भिजली, तेव्हा कुठे मला हा फरक कळला. ज्या डॉक्टरांकडे आधी गेले, त्यांनी "वयाचे आहे, सवय होईल" म्हणून बोळवण केली. वयाचे होते हे खरे, पण सवय व्हायला आधी झोप तरी लागायला हवी.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी प्रथम थायरॉइड तपासले, कारण त्याच्या बिघाडातही धडधड आणि घाम असतो. मग त्यांनी समजावले, की पाळी जायच्या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन चढउतार करत खाली येऊ लागले, म्हणजे शरीराचे तापमान राखणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस हळवा होतो आणि किंचितशा उष्म्यानेही त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून घाम सोडतो. यावर उपाय म्हणून दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांची माझी भीती, त्यांचे धोके दाखवणाऱ्या 2002 सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासापासूनची होती. त्या अभ्यासातल्या बायकांचे सरासरी वय 63 होते आणि पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, साठीच्या आतल्या निरोगी बाईचा हिशेब वेगळा असतो, हे मला माहीतच नव्हते. गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोन द्यावे लागते, नाहीतर गर्भाशयाचे अस्तर वाढून कर्करोगाचा धोका संभवतो. माझ्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता, म्हणून आधी मॅमोग्राम, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, आणि मगच निर्णय, असे ठरले आहे.

पाळी गेली असे म्हणायला सलग बारा महिने कोरडे जावे लागतात, म्हणजे ती गेल्याचे वर्षभराने कळते. मागे एकदा नवव्या महिन्यात पुन्हा आली आणि मोजणी शून्यावर गेली. आताची शेवटची खूण तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची आहे. बारा महिने उलटल्यावर मात्र नुसता डाग दिसला, तरी त्याच आठवड्यात तपासणीला यायचे, हे डॉक्टरबाईंनी दोनदा बजावले.

संध्याकाळी सासूबाईंपाशी विषय काढला. पूर्वीच्या बायकांना असले काही होत नसे, असे त्या आजवर सांगत आल्या होत्या. आज बराच वेळ वाती वळत राहिल्या आणि म्हणाल्या, "होत होते गो. मी पावसातसुद्धा सोप्यावर उघड्या जमिनीवर निजायची. घरच्यांना वाटे, मी रुसले आहे." त्यांचे मनगट बासष्टाव्या वर्षी नुसत्या अंगणात घसरून मोडले होते. ते इस्ट्रोजेन गेल्यावर पोकळ होत गेलेल्या हाडांमुळे असावे, असा विचार त्या वेळी कोणाच्याच मनात आला नाही. दोष शेवाळाला दिला गेला.

हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीसाठी मंगळवारची वेळ घेतली आहे, दोघींची. त्यांनी एवढेच विचारले, की त्यासाठी बांगड्या काढाव्या लागतात का.