खारपाणपट्ट्यात ग्रामोफोनच्या रेकॉर्ड धुताना आणि कॉम्प्युटरवर घेताना

अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, बोअरच्या पाण्यानं रेकॉर्ड धुऊ नका. पाणी वाळतं, क्षार खाचेत बसतो, आणि मग जन्मभर चटचट. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, अर्ध्या लिटरला भांडी धुण्याच्या लिक्विडचा एकच थेंब. मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं गोल फिरवा, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं खळखळा. मधलं लेबल कोरडंच ठेवा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट लावलं की लाख विरघळते. त्यांची सुईही जाड लागते, ३ मिलच्या आसपास (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे). एलपीची (नंतरच्या प्लॅस्टिकच्या, हळू फिरणाऱ्या रेकॉर्डची) ०.७ मिलची सुई त्यांच्या खाचेत तळाला घासते, आवाज खरखरतो.

टर्नटेबलची (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राची) वायर थेट लॅपटॉपच्या माइकला खुपसू नका. आवाज बारीक आणि किरकिरा येतो, बास जवळपास गायब. मध्ये फोनो प्रीअँप हवाच (सुईचा क्षीण आवाज वाढवून बास परत आणणारी डबी), तिथून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीच्या) लाइन इनमध्ये.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खालीच राहू द्या. लाल दिवा लागला की तो तुकडा नंतर दुरुस्त होत नाही. २२ मिनिटांची एक बाजू म्हणजे साधारण ३५० एमबीची वेव्ह फाइल. मूळ प्रत फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) जपा, मोबाइलसाठी वेगळी एमपी३ काढा.

घुंई आवाज आला तर आधी टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार प्रीअँपच्या स्क्रूला लावली का बघा, मग लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. रेकॉर्डिंगपुरता कूलर बंद! मे महिन्यात टिनाच्या छपराखाली रेकॉर्ड आडव्या रचल्या तर वाकतातच.