बुकशेल्फ स्पीकर निवडताना तंबोरा ऐका

बुकशेल्फ म्हणजे फळीवर मावणारे छोटे स्पीकर घ्यायला गेलात, की दुकानात सहसा दणदणीत बासचं गाणं लावतात. त्यात वाईट स्पीकरही खपून जातो. म्हणून पेन ड्राइव्हवर आपल्या कानाच्या सवयीच्या दोन गोष्टी न्याव्यात, त्याही फ्लॅक किंवा वॅव्ह या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये: एक पुरुषाचं साधं निवेदन आणि एक तंबोरा-तबल्याची साथ असलेलं गाणं.

आधी निवेदन लावा. माणूस पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटलं तर 100 ते 250 हर्ट्झचा पट्टा फुगलेला आहे. 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा चढा असेल तर आवाज पहिल्यांदा फार 'क्लिअर' वाटतो आणि अर्ध्या तासात कान शिणतात. बहुतेकांची फसगत इथेच होते. बीबीसीने 1970च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए हा छोटा, बंद खोक्याचा स्पीकर बनवला. बास बेताचाच, पण बोलणं इतकं खरं, की आजही लोक तो शोधून घेतात.

मग तंबोरा. काळी एक पट्टीत खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झला असते. पाच इंची वूफर (स्पीकरमधला खालचे स्वर वाजवणारा भाग) तिथे दमायला लागतो, तरी त्याच तारेतून निघणाऱ्या वरच्या स्वरांशांमुळे खर्ज कानाला कळतो. तेवढ्यावरून स्पीकर नाकारू नका. जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांची घुमती झणझण, मात्र अखंड धारेसारखी यायला हवी. तिची झणझण तारांपासून सुटून वेगळी ऐकू आली, तर ट्वीटर (उंच स्वर वाजवणारा छोटा भाग) चढा आहे. डग्ग्याच्या घिश्श्यात (तळहात पानावर घासून काढलेल्या बोलात) आवाज वर सरकताना एखादाच स्वर फुगत असेल, तर दोष पोर्टचा (स्पीकरच्या खोक्याला ठेवलेल्या हवेच्या भोकाचा) किंवा खोलीचा. तीन मीटर लांबीच्या खोलीत 57 हर्ट्झच्या आसपास असा फुगवटा येतोच.

दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करणं सगळ्यात महत्त्वाचं. एक डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर कानाला उगाच सरस वाटतो. पिंक नॉइज (सगळे पट्टे असलेला चाचणीचा खरखरता आवाज) लावून, बसायच्या जागी मोबाइलच्या साउंड मीटरवर अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा.

माहितीपत्रकातल्या '50 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ'पुढे ±3 डेसिबल, म्हणजे त्या पट्ट्यात आवाज किती कमीजास्त होतो ते, लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. त्यापेक्षा खुर्ची सोडून 45 अंश बाजूला जाऊन ऐका. आवाज थोडा मंद व्हावा, त्याची जात बदलू नये. साडेसहा इंची वूफर 2 किलोहर्ट्झच्या पुढे आवाज समोरच फेकू लागतो. क्रॉसओव्हर (जिथे वूफर थांबून ट्वीटर सुरू होतो ती जागा) 3 किलोहर्ट्झवर असेल तर बाजूला मधेच खड्डा पडतो. आपल्याकडच्या टाइल्सच्या, मोकळ्या भिंतींच्या खोल्यांत बाजूचा हाच आवाज उलटून कानावर येतो, म्हणून हे तपासणं आणखी गरजेचं.

शोकेसमध्येच ठेवायचे असतील तर मागे पोर्ट असलेले टाळा, किंवा पोर्टमध्ये फोमचा बोळा घाला. स्पीकर फळीच्या अगदी कडेला आणा आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा. पाच मीटरपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. महागड्या केबलचे पैसे एखाद्या जाड सतरंजीवर घाला. आणि घरी लावल्यावर बास गायब, गायक मध्यभागी उभाच राहत नाही असं झालं, तर परत करायच्या आधी एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली नाही ना, ते बघा.