बारीक गॅस

दुकानातला मुलगा ओव्हनचं दार उघडून आतला दिवा कौतुकानं दाखवत होता आणि मी डोळे मिटून कुकिंग रेंजची बटणं फिरवत होते. एकेक करून, शेवटपर्यंत आणि परत. बाईंना चक्कर आली असं वाटून तो खुर्ची आणायला धावला.

घरची शेगडी बदलायची ठरल्यापासून मोजमापं नवऱ्याकडे. त्याच्या खिशात टेप असते. 60 सेंटिमीटर की 90, वर गॅस आणि खाली विजेचा ओव्हन चालेल का, एकच रुंद ओव्हन की दोन अरुंद, यात त्याचे दोन रविवार गेले. (दोनच बरे. एवढंसं काही भाजायला अख्खी गुहा कशाला तापवायची?) माझी अट एकच. बटण हाताला कळलं पाहिजे.

खोड लहानपणची आहे. वीज गेली की आई मेणबत्तीच्या आधी गॅस बारीक करायला जायची. मी ओट्यावर बसलेली असायचे. काळोखात फक्त ते निळं कडं दिसायचं, आणि बटण फिरलं की ते आक्रसत आक्रसत मण्यांएवढं व्हायचं. मोठ्या आचेचा घोंगावणारा आवाज खाली यायचा, मग जवळजवळ नाहीसा. "बघू नकोस, ऐक," आई म्हणायची. बटणांवरच्या खुणा केव्हाच पुसल्या होत्या. एक बटण तर ढिलं होऊन हातात यायचं. त्यात तिनं कागदाची घडी कोंबली होती. कागद काळा पडला की नवा कागद. ते बटण कधी बदललं नाही.

त्यामुळे काचेचं सपाट इंडक्शन मला पटत नाही. त्याचे गुण मान्य आहेत. ज्योत नाही, पुसायला सोपं, बुडाला लोहचुंबक चिकटला की भांडं चालतं. पण बोट टेकवायचं कुठे? काचेला ना कड, ना खळगा. त्यात बोट ओलं असलं की तिला आपली ओळखच पटत नाही. गॅसच्या नव्या बटणांचं तरी बरं. पेटवल्यावर थर्मोकपल, म्हणजे ज्योतीची ऊब ओळखणारी बारीक सळी, तापेपर्यंत काही सेकंद बटण दाबून उभं राहावं लागतं, पुढे ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो. घाईच्या वेळी ते काही सेकंद फार लांबतात, पण दाबतो म्हणजे काहीतरी दाबतो.

बटणांची ही भक्ती मी एकदा घरात जोरात मांडत होते, तेव्हा नवऱ्यानं गुस्ताफ दालेन काढला. स्वीडनचा इंजिनिअर. 1912 साली गॅसच्या स्फोटात त्याचे डोळे गेले, आणि त्याच वर्षी दीपस्तंभांचे दिवे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेसाठी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते घ्यायला गेला त्याचा भाऊ, जो डोळ्यांचा डॉक्टर होता. पुढे 1922 मध्ये या दालेननं आगा नावाची बिडाची अवजड रेंज काढली. ती रात्रंदिवस तापलेली. एक तवा कायम कडक, शेजारचा कायम मंद. आच कमी करायची तर भांडं उचलून शेजारी ठेवायचं.

म्हणजे आंधळ्या माणसानं शेगडी काढली, तीही बिनबटणांची! माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

काल आईला दुकानात नेलं. तिचं मधलं बघणं गेलंय, कडेकडेनं दिसतं. तिनं आधी रेंजच्या पुढच्या कडेवरून हात फिरवला, मग बटणांवरून. पाच बर्नर, पाच बटणं, सगळी एका ओळीत. एक हळूच फिरवून बघितलं. "हे जड आहे, चांगलं आहे," म्हणाली. मी नवऱ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. तो टेप गुंडाळत होता.

"आणि मागचा डावा कुठला?" आईनं विचारलं.

मी म्हटलं, पहिलं बटण. तो मुलगा म्हणाला, दुसरं. मग आम्ही दोघंही वाकून बटणांवरची बारीक चित्रं वाचायला लागलो. आई हात तसाच ठेवून उभी होती.