पदर, पिन आणि रजत कमळ

मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५. नवरात्राचा दुसरा दिवस, रंग लाल. म्हणजे लाल ब्लाऊज आदल्या रात्रीच गिऱ्हाइकांकडे गेलेले आणि माझ्या मशीनवर उद्याचा निळा. कुडाळ बाजारात शिलाईचं दुकान चालवणाऱ्या बाईला या नऊ दिवसांत आजचा वार आठवत नाही, उद्याचा रंग तेवढा आठवतो. अशा गडबडीत भाच्याने मोबाईल बॉबिनच्या डब्याला टेकवला आणि दिल्लीच्या विज्ञान भवनातला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा सोहळा लावला. एकाहत्तरावे पुरस्कार.

निकाल काही नवे नव्हते. ते १ ऑगस्टलाच जाहीर झालेले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दोन तट. भाचा शाहरुखचा. 'जवान' त्याने कितीदा बघितला ते त्यालाही सांगता येणार नाही. आतेबहीण विक्रांत मॅसीची, कारण तिचा मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय आणि 'ट्वेल्थ फेल' बघताना ती अख्खा वेळ रडत होती. उत्कृष्ट अभिनेत्याचं रजत कमळ दोघांना विभागून दिलं, तर दोघांनीही आनंद मानावा की नाही? छे. भाचा म्हणतो, १९९२ पासून काम करतोय तो माणूस, तेहतीस वर्षांनी पहिला राष्ट्रीय पुरस्कार, आणि तोही अर्धा! आतेबहीण म्हणते, अर्धा तुझ्याच माणसाने खाल्ला, माझ्या पोराचा होता तो सगळा.

मी दोघांच्याही बाजूने नाही. शाहरुखला तो 'स्वदेस'साठीच मिळायला हवा होता. २००४ सालचा पुरस्कार सैफ अली खानला 'हम तुम'साठी गेला, आणि त्याबद्दल मी अजून कुणाला माफ केलेलं नाही. पण माझं कारण वेगळं असतं म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. मी विचारते, 'स्वदेस'मधल्या मोहन भार्गवचे कपडे आठवतात का? नाही आठवत. माणूस आठवतो, त्याचे डोळे आठवतात, स्टेशनवर पाणी विकणारा तो मुलगा आठवतो. कपडे करणाऱ्या भानू अथैया होत्या. अंगावर घातलेलं आपण विसरून जावं असं शिवणं किती कठीण असतं ते टेबलाच्या या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही.

भानूताईंचा फोटो माझ्या दुकानात लक्ष्मीच्या कॅलेंडरशेजारी आहे. गिऱ्हाइकं विचारतात, ह्या कोण, तुमच्या आई? मी सांगते, कोल्हापूरच्या. ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. १९८३ साली, 'गांधी'साठी, जॉन मोलो यांच्याबरोबर. समोरची बाई हमखास म्हणते, पहिला रहमान ना? रहमान त्यानंतर सव्वीस वर्षांनी. २०१२ मध्ये भानूताईंनी ती बाहुली सांभाळायला परत अकादमीकडेच देऊन टाकली. मला आधी ते फार लागलं होतं. मग माझी स्वतःची जुनी शिलाईची वही वाळवीने खाल्ली त्या पावसाळ्यात पटलं, बरोबर केलं त्यांनी.

तर सोहळा. मशीनच्या मोटारीखाली मोबाईलचा आवाज ऐकू येत नव्हता, आणि आतेबहिणीला राणी मुखर्जीची साडी बघायची होती. तपकिरी साडी, गळ्यात मुलीच्या नावाची अक्षरं ओवलेली. 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे'मध्ये मुलांसाठी झगडणारी आई, आणि पुरस्कार घ्यायला येताना लेकीचं नाव गळ्यात. आतेबहीण म्हणाली, ह्याला म्हणतात फॅशन. मी म्हटलं, ह्याला म्हणतात आठवण, फॅशन वेगळी. पण ते गळ्यातलं मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू.

उत्कृष्ट वेशभूषेचा पुरस्कार फील्ड मार्शल माणेकशांवरच्या 'सॅम बहादुर'ला आहे हे मी दोन महिने सगळ्यांना सांगत होते. कुणालाही पडलेलं नव्हतं. सैन्याचा गणवेश म्हणजे काय मोठंसं, सगळ्यांचा सारखाच, असं भाचा म्हणाला. अरे बाबा, सारखा आहे म्हणूनच तर! रंगीत घागऱ्यात चूक लपते. गणवेशात खांद्याची शिवण अर्धा बोट खाली आली तरी तो माणूस फील्ड मार्शल नाही, स्नेहसंमेलनातला वाटतो. त्यात नट तोच आणि वय मात्र वाढत जाणारं. नावं वाचताना मी सचिन लोवलेकर म्हटलं, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "लोवलेकर? मगे आपलोच तो!" संगमेश्वराकडे लोवले आहे ना. आडनावावरून माणसाला गाव देऊन टाकायची आमची खोड, त्या बिचाऱ्याला माहीतही नसेल.

आवाज तात्यांचा होता. तात्या आमच्या वाडीतले. पंचवीस-तीस वर्षं दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभराच्या लोकनाट्यात, स्त्रीपार्टी केली, बायकांची कामं. आता पाठ वाकली, तरी मोसमात चार नाटकांना उभे राहतातच. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतील म्हणून ब्लाऊज टाकायला आले होते. माझ्याकडे आधीपासून बसलेल्या दोन बायकांना त्यांच्या मापाची वही बघून हसू येत होतं. मला नाही येत. माझ्या सासऱ्यांपासून तात्यांचे ब्लाऊज आमच्याकडेच.

भाच्याने त्यांनाही भांडणात ओढलं. त्याने पुढच्या वर्षीचा पुरस्कार आत्ताच दिलीप प्रभावळकरांना देऊन टाकलाय. 'दशावतार' सिनेमा १२ सप्टेंबरला आला, आणि त्या दिवसापासून कुडाळात दुसरा विषय नाही. एक्याऐंशीव्या वर्षी माणूस असा उभा राहतो म्हणजे काय! तात्या म्हणाले, पाय बरे टाकल्यान. एवढंच. पण तात्यांच्या तोंडून पायाची तारीफ म्हणजे खरं तर तेच सुवर्ण कमळ. बाकी त्यांचं मत असं की क्यामेऱ्यासमोर चुकलं तर परत करता येतं. आमच्याकडे संवाद लिहिलेलाच नसतो, तिथल्या तिथे बोलायचा, आणि पेटीवाला बघत असतो हा आता कुठे जाणार.

तेवढ्यात लाईट गेली. मोटार थांबली, पंखा थांबला, आणि पहिल्यांदाच मोबाईलमधल्या टाळ्या नीट ऐकू आल्या. बालकलाकार. या वर्षी पाच मुलांना मिळून पुरस्कार, त्यातली चार मराठी सिनेमातली: 'जिप्सी'चा कबीर खंदारे आणि 'नाळ भाग २'ची त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप. श्रीनिवासला तर पहिल्या 'नाळ'साठीही मिळाला होता. त्रिशा आली ती साडी नेसून. एवढीशी मुलगी, समोर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू, आणि सभागृहात मोठे मोठे नट टाळ्या वाजवताहेत.

आम्ही सगळे गप्प. शाहरुखही विसरलो आणि विक्रांतही.

तात्या मोबाईलजवळ वाकले. "ता चेडू बघ गो, साडी कशी सांबाळता!"

मीही तेच बघत होते. चार-पाच वर्षांच्या मुलीला साडीत चालवणं म्हणजे काय ते मला विचारा. माझ्याकडे नवरात्रात छोट्या साड्यांची ऑर्डर असतेच. कमरेला इलॅस्टिक, निऱ्या एकावर एक धरून वरून टीप, घेर आतून थोडा जास्त, नाहीतर दुसऱ्याच पावलाला पाय अडकतो. पदराची पिन खांद्यावर बाहेरून दिसता कामा नये. दिसली की मूल तिच्याशीच खेळत बसतं. आणि एवढं सगळं करून पोरगी देवळात पोचेपर्यंत पदर हातात घेऊन पळते. हिचा पदर जागच्या जागी. ती साडी शिवलेली असणार असा माझा कयास. आतेबहीण म्हणाली, आईने घरात नेसवली असेल. त्यावर आमचं परत जुंपलं, पाच मिनिटं, अंधारात.

तात्यांना दोन्ही पटेना. ते म्हणाले, कोणी शिवल्यान नि कोणी नेसवल्यान ता सोड, चालता कोण? त्यांचं सगळं आयुष्य स्वतःची साडी स्वतः नेसण्यात गेलं. तोंडाला रंग स्वतः लावायचा, पेटाऱ्यातला मुकुट स्वतः बांधायचा, रात्री उशिरा आख्यान सुरू झालं की पहाटेपर्यंत त्याच साडीत रडायचं, गायचं, आणि राक्षस आला तर लढायचंसुद्धा. एकदा म्हणे आंब्रडच्या बाजूला भर लढाईत निऱ्या सुटायला लागल्या. तात्यांनी एका हाताने निऱ्या धरल्या, दुसऱ्या हाताने तलवार, आणि त्या धरलेल्या हाताचंच निमित्त करून देवी जखमी झाल्याचं गाणं उभं केलं. लोकांना वाटलं, कथेतच तसं आहे. टाळ्या पडल्या.

"मगे त्याचो अवार्ड कोणाक?" भाच्याने विचारलं.

"निऱ्येंका," तात्या म्हणाले.

लाईट आली तेव्हा शाहरुख राष्ट्रपतींकडून पुरस्कार घेऊन जागेवर बसलासुद्धा होता. भाचा माझ्यावर चिडला, जणू लाईट मीच घालवली. आतेबहिणीने तेवढ्यात मोबाईलवर राणीच्या साडीचा फोटो काढून घेतला आणि तसाच रंग हवा म्हणाली. तपकिरी नऊ रंगांत बसत नाही, दिवाळीनंतर ये असं सांगून मी निळ्याला परत हात घातला.

दोन दिवसांनी तीन आया छोट्या मुलींना घेऊन आल्या. 'त्या टीव्हीतल्या पोरीसारखी' साडी हवी. मी इलॅस्टिकचं बंडल काढलं.

तात्या त्या दिवशी निघताना उंबऱ्यावर थांबले होते. त्यांचं माप मला पाठ आहे, तरी दरवर्षी परत घ्यायला लावतात. "ह्या टायमाक बगलेत जरा सैल ठेव गो. हात वर केलंय की ताणता."

मी वहीत लिहिलं: मुंढा, अर्धा इंच जास्त. बाह्या कोपरापर्यंत. अस्तर सुती. हुक पुढे नको, मागे नाडी.

"रंग?"

"लाल," तात्या म्हणाले. "नवरात्र संपलो तरी चलात."